सरकलेले निकाल

"बाय, रिकामी जागा पुसायची नाही. तीपण रांगेत उभी असते."

मीरा वालीवच्या कारखान्यात नवी लागली, तेव्हा सॅन्टन अंकलनी पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं. आवाज विहिरीत सोडलेल्या कळशीसारखा, खोल नि सावकाश.

कारखाना इस्पितळांसाठी ऑक्सिजनचे व्हॉल्व्ह बनवतो. प्रत्येक व्हॉल्व्हची कुंडली, म्हणजे चाचणीची नोंद, अंकलनी तरुणपणी उभारलेल्या मल्टिव्हॅल्यू डेटाबेसात. त्यात एका नोंदीच्या एकाच कप्प्यात कितीही नग ओळीने बसतात, आणि शेजारच्या कप्प्यात त्याच क्रमाने त्यांच्या चाचणीचे निकाल. चाचणी राहिली असेल तर निकालाची जागा रिकामी ठेवायची. ती पुसली, की मागचे सगळे निकाल एकेक घर पुढे सरकतात. गळका व्हॉल्व्ह पास दिसतो.

बायको पापडी गावच्या मातीत गेली, मुलं समुद्रापार गेली, अंकल पडद्यावरच्या त्या हिरव्या अक्षरांपाशी राहिले. पावसाळ्यापासून मात्र तेच रिकाम्या जागा पुसू लागले होते. चहा पिऊन झाला की पुन्हा चहा मागायचे. ते डबा खायला उठले, की मीरा गुपचूप त्यांच्या नोंदी उघडायची आणि सरकलेलं जागच्या जागी बसवायची. बोलली कुणाला नाही.

आज मालकाच्या मुलाने, निमिषने, बैठक बोलावली होती. नवी सिस्टिम विकायला दीपेश आला होता.

"नेटवर चालणारा डॉक्युमेंट डेटाबेस घ्या," दीपेश म्हणाला. "तुमच्यासारखंच सगळं एका नोंदीत राहतं, तुकडे नाहीत. फक्त प्रत्येक निकाल आपल्या नगालाच बांधलेला. सरकायचा प्रश्न नाही."

"आणि नेट गेलं की?" अंकल हसले. "वसईत कधी राहिलायस का रे बाबा? माझं म्हातारं पुराच्या पाण्यातही चाललंय. तुझं पिल्लू अजून दुधावर आहे."

"अंकल, अर्धं जग चालतं यावर!"

"मग अर्ध्या जगालाच विक की. आमच्या मागे का लागलास?"

निमिषला हसू आवरेना. "खरं सांगू? जुनं सांभाळणारा दुसरा माणूस मिळत नाही, म्हणून बदलायचं होतं. पण अंकल आहेत तोवर घाई कशाला? मीरा, रोज तूच बसतेस त्यांच्याजवळ. जुनं ठेवू की नवीन घेऊ? तू म्हणशील तसं."

अंकलनी तिच्याकडे पाहिलं. ती जुनंच म्हणेल, याची त्यांना खात्री होती. तिने नुसती मान हलवली असती तरी त्यांची खुर्ची राहिली असती. आणि खुर्ची गेली, तर पापडीच्या त्या बंद खिडक्यांच्या घरात त्यांना सकाळ झाली हे सांगणारंही कुणी नव्हतं.

पण काल आईच्या तापासाठी ती रजेवर होती. आज आल्या आल्या तिने कालची नोंद उघडली होती. निकाल सरकलेले होते, आणि माल तर कालच गेला होता.

"नवीन घ्या," ती म्हणाली.

"बाय?" अंकल म्हणाले. रागाने नाही. जत्रेत हात सुटलेलं पोर हाक मारतं तसे.

"काय झालं?" निमिषने विचारलं. "तूच तर म्हणायचीस, जुनं कधी चुकत नाही."

"ते चुकतच नाही." तिने टेबलाची कड धरली. अंकलकडे बघून बोलता आलं असतं तर बरं झालं असतं. "डेटाबेसचं मग बघा, सर. आधी काल गेलेले व्हॉल्व्ह थांबवा. इस्पितळाला आत्ता फोन लावा, पेशंटला लावू नका म्हणावं. त्यांत गळके आहेत. अंकलच्या हातून निकाल सरकतात. पावसाळ्यापासून सरकतायत. मी मागून नीट करत होते. काल मी नव्हते."