हळदीच्या रंगाचं गाव

आता रेश्माच्या टेबलावर दोन-दोन मोठे मॉनिटर असतात. वायर खुपसली की चित्र हजर. कौतुक करायलाही सवड मिळत नाही. पण मॉनिटर जोडताना जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, ते तिने एकदाच अनुभवलं, सत्त्याण्णव सालच्या दसऱ्याला, फलटणजवळच्या धरणग्रस्तांच्या वसाहतीत.

त्यांचं मूळ गाव वाईच्या वरच्या अंगाला, कृष्णेच्या काठी. धरणाचं पाणी चढलं तेव्हा रेश्मा तान्ही होती आणि तिचे वडील, गुंडाआबा, फौजेत, पार सरहद्दीवर. रजा मिळेपर्यंत उशीर झाला. आबा ट्रंक घेऊन आले ते पाण्याच्या कडेलाच. "माजं घर कुटं हाय?" त्यांनी विचारलं. चहूकडे नुसतं पाणी, लोक बोट दाखवणार कुठे? गावाचा निरोपही घेता आला नाही, ही सल आबांच्या मनातून कधी गेली नाही.

नव्या जागी ऊस चांगला आला. रेश्मा शिकली आणि पुण्याच्या एका कचेरीत संगणकावर कालव्यांचे नकाशे काढू लागली. आणि आबांच्या डोळ्यांत काचबिंदू शिरला. "आहे ती नजर किती दिवस पुरेल, सांगता येत नाही," साताऱ्याचे डॉक्टर म्हणाले. तेव्हा रेश्माने मनाशी ठरवलं, नजर आहे तोवर आबांना त्यांचं घर दाखवायचंच.

तिची आई बनुबाई लिहिणं-वाचणं शिकलेली नव्हती, पण सगळं गाव तिच्या डोक्यात होतं. कुणाचा उंबरा कुणाच्या अंगणाला लागून, कुठली बोळ विहिरीवर जाते, ती सांगत गेली आणि रेश्मा काढत गेली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघांनी गाव उभं राहिलं. त्यावर धरणाचं पाणी निळ्या रेघांनी. नकाशात लबाडी करायची नसते, असं कचेरीत शिकलेलं.

साहेबांच्या विनवण्या करून तिने दसऱ्यापुरता लॅपटॉप मागून आणला. खांडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पुजतात, तेव्हा कोयता, नांगर, पाण्याची मोटर यांच्या पंगतीला तोही बसला. दसऱ्याच्या सकाळी तिने तो आबांपुढे उघडला. पण त्या काळचा तो पडदा! समोरून पाहावं तर अंधुक, बाजूने पाहावं तर गायब. आबांनी पार नाक टेकवलं.

"काळी पाटी दिसतीया, पोरी," ते म्हणाले आणि समजूतदारपणे हसले. ते हसणं रेश्माला सोसेना.

मदतीला धावला तो चुलतभाऊ ऋषिराज. फलटणात त्याचा कॉम्प्युटर क्लास होता. तिथे चपला बाहेर काढायच्या, मॉनिटरवर भरतकामाचा रुमाल, आणि पोरांनी जवळ जाऊन शिंकायचं नाही. देवळातही एवढं सोवळं नसेल. त्यातला एक मॉनिटर गोधडीत गुंडाळून, जीपमध्ये मांडीवर धरून ऋषिराजने आणला.

वायर लॅपटॉपच्या पाठीमागे घातली, दोन्ही बाजूंचे स्क्रू पिळले. पडदा ठार काळा. ऋषिराजने सवयीने मॉनिटरला एक चापट मारली.

"अरे, तो टीव्ही हाय का!" रेश्मा ओरडली. मग तिलाच आठवलं, चित्र बाहेरच्या पडद्यावर पाठवायला दोन बटणं एकदम दाबावी लागतात. तिने ती दाबली आणि पडदा उजळला. पण सगळं पिवळं! पांढऱ्या रेघा पिवळ्याधमक झालेल्या, आणि निळ्याचा पत्ताच नाही. पडद्यावरच्या पांढऱ्यातून निळा गळाला की पिवळाच उरतो.

तिने स्क्रू सोडवून वायर उपसली आणि खाचेत डोकावली. बारीक भोकांत काहीतरी वाळून बसलं होतं. सुईने टोकरलं तर हळद!

"आये, ह्याला हळद तू लावलीस?"

"व्हय. जात्याच्या तोंडाला लावती, मोटरीच्या तोंडाला लावती. ह्येचं तोंड मागनं हाय, मग तितंच लावली की!" बनुबाई म्हणाली.

रेश्माने डोक्याला हात लावला. "लोकाची वस्तू हाय गं ही! आता काय करू?" तिचा आवाज नको तेवढा चढला. बनुबाई एवढीशी झाली. ऋषिराज छताकडे पाहू लागला.

निघेल तेवढी हळद टोकरून रेश्माने वायर पुन्हा घातली. तरीही पिवळंच. ती परत उपसायला गेली, तर आबांनी तिचा हात धरला.

"थांब."

ते पडद्याला खेटून बसले होते. काळ्यावरची ती ठळक पिवळी रेघ त्यांच्या नजरेत मावली होती. त्यांचं बोट काचेवरून हळूहळू निघालं. "ही वेस. ह्यो पार. हितनं बोळ..." बोट वळलं, थांबलं. "हे आपलं दार."

बनुबाईने पदर तोंडाला लावला.

"रेश्मे, पानी कुटं हाय गं?"

"निळा रंग येत नाही, आबा. हळद अडकलीय. साफ केली की दिसंल पाणी."

"नगं," आबा म्हणाले. "पानी आनू नगंस."

एक बटण दाबलं की निळ्या रेघा लपवता येतात, हे रेश्मा रोज कचेरीत करत होती. आपल्या गावासाठी तिला ते एवढ्या दिवसांत सुचलं नव्हतं. आईच्या बोटाने ते करून ठेवलं होतं. तिला मघाच्या चढ्या आवाजाची लाज वाटली.

आबांचं बोट दारापासून निघालं, बोळ, पार, वेस ओलांडून नकाशाच्या वरच्या टोकाला, पाणी चढल्यावर गाव जिथे जाऊन बसलं त्या माळावर गेलं. पुन्हा दारापाशी आलं. पुन्हा वर गेलं. मग ते बायकोकडे वळले.

"बने, हितनं त्या माळापतूर? समदा संसार तू एकलीनं डोक्यावरनं वाह्यलास?"

"एकली कुटं? ही काखंत हुती की," बनुबाई म्हणाली.

रेश्माने वायरीवरचा हात काढून घेतला.