आण्णांनी काढलेली नोटीस

शाहूपुरीत पहिल्या मजल्यावर माझं ऑफिस आहे आणि खाली जिन्याशीच गोमटेशआण्णांचं मसाल्याचं दुकान. त्यामुळे पक्षकाराला कायदा समजावता समजावता मला मधूनच सटासट शिंका येतात, आणि त्या बिचाऱ्याला वाटतं, आपल्या केसचं काही खरं नाही.

आण्णांची कांदा-लसूण चटणी घ्यायला माणसं लांबून येतात. गंमत म्हणजे आण्णा पक्के जैन. कांदा-लसणाला त्यांनी उभ्या जन्मात जीभ लावलेली नाही. विकणं वेगळं आणि खाणं वेगळं, असं ते म्हणतात, आणि त्यावर वाद घालायची सोय नाही. मग चव कोण बघणार? तर कृष्णात. कळंब्याचा हा गडी लग्नाआधीपासून त्यांच्याकडे कामाला. प्रत्येक घाण्यातली चिमूटभर चटणी तो तळहातावर घ्यायचा, चाखायचा आणि "हां" नाहीतर "मीठ" एवढंच म्हणायचा. मीठ म्हटला की आण्णा मुकाट्यानं मीठ घालायचे. बायकोचंही त्यांनी एवढं कधी ऐकलं नसेल.

गेल्या महिन्यात कृष्णातनं समोरचा गाळा भाड्यानं घ्यायचं ठरवलं. स्वतःचं चटणीचं दुकान काढायचं होतं. आण्णांना त्यानं महिनाभर आधी रीतसर सांगितलं. आण्णा त्या दिवशी जेवले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी माझ्या टेबलावर एक जुना स्टँपपेपर आपटला.

"नोकरी सोडली तर पाच वर्षं चटणीचा धंदा करणार न्हाय, असं लिवून दिलंय त्यानं. खाली सही हाय. काढ नोटीस."

"आण्णा, नोकरी सोडल्यावर माणसानं पोटासाठी काय करायचं ते मालकाला ठरवता येत नाही. असली अट कायद्यानं बाद असते. स्टँपपेपरवर लिहा नाहीतर ताम्रपटावर लिहा."

"मग माझी चव चोरली म्हणून लिव."

"लिहिते की. तुमची चव कशी आहे तेवढं सांगा."

मला हसू आवरेना आणि आण्णांना राग आवरेना.

"टिकू दे नायतर न टिकू दे," ते म्हणाले, "नोटीस जाऊ दे. तुझ्या बापानं काढली असती."

माझ्या आधी याच ऑफिसात वकिली करणाऱ्या बापाचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं आणि लिहायला हातही चालतो, हे आण्णांना पुरतं ठाऊक आहे. पण लिहिली ती अगदी गुळमुळीत नोटीस. बाँड आहे, त्याचा विचार व्हावा, पंधरा दिवसांत उत्तर द्यावं. वाचून दाखवली तर म्हणाले, "जरा जहाल कर की." मी केली नाही.

चार-पाच दिवसांनी जिन्यात आरडाओरडा ऐकू आला. आण्णा वर आले, मागोमाग कृष्णात. आण्णांच्या हातात माझीच नोटीस होती.

"ह्याला सांग काहीतरी!" आण्णा दारातूनच ओरडले. "माझी नोटीस ह्यानं मलाच आणून दाखवली. आन् इचारतोय काय, तर आण्णा, आता काय करू?"

मी कृष्णातकडे बघितलं. तो ओशाळून उभा होता.

"मग कुणाला दाखवू?" तो म्हणाला. "घराचा कर आला, पोरीच्या शाळेचं पत्र आलं, समदं आण्णांनाच दाखवत आलोय. आमच्यात कागद कळणारं दुसरं हाय कोण?"

"अरे, पण पाठवलीया मी!"

"व्हय, नाव वाचलं की तुमचं. म्हणून तर म्हटलं, तुमाला जास्त ठावं असंल."

एवढी वर्षं वकिली केली, पण नोटीस पाठवणाऱ्याकडेच सल्ला मागायला गेलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला. आण्णांनी त्याला सल्ला दिलाही होता, हे त्याहून भारी. पंधरा दिवसांच्या आत उत्तर दे, गप्प बसू नकोस, चल वकिलाकडे, असं म्हणून स्वतःच त्याला वर घेऊन आले होते.

"मी आण्णांची वकील आहे, कृष्णात," मी म्हणाले. "मला दोन्हीकडून बोलता येत नाही. तू दुसरा वकील बघ."

"कशाला? आण्णांचं काय म्हणणं हाय ते मी ऐकतोच की." मग त्याचा आवाज खाली आला. "उद्या भाडेकरार करायचा होता. गाळामालकाला नोटिशीचं कळलं. त्यो म्हणतोय, भांडणाचा माणूस मला नगं, परवा दुसरं गिऱ्हाईक येतंय. जागा हातची जातीया आण्णा."

आण्णा खुर्चीत बसले. इतका वेळ ते उभेच होते.

"तुमी न्हाय म्हणला तर न्हाय काढत दुकान," कृष्णात म्हणाला. "कोर्ट-बिर्ट नगं. तुमी तोंडानं सांगा, इषय संपला."

मी पेन खाली ठेवलं. कायद्यानं ज्याला अडवता येत नाही म्हणून मी आण्णांना घसा फोडून सांगितलं होतं, तो गडी त्यांच्या एका शब्दानं थांबायला तयार होता. तसं व्हायला नको होतं. मला आण्णांचा भयंकर राग आला, आणि त्यांच्याकडे बघून कीवही आली. म्हातारा दुकानाला घाबरलाच नव्हता. रोज सकाळी तळहात पुढे करणारा माणूस उद्यापासून नसेल, याला घाबरला होता. आण्णांनी खिडकीबाहेर बघितलं. समोर त्या गाळ्याचं बंद शटर दिसत होतं.

"तुझी चटणी झाली का कुटून?" त्यांनी एकदम विचारलं.

कृष्णातनं खिशातून पुडी काढली. "कारभारणीनं पयला घाणा केला. तुमाला दाखवायलाच आणलीया."

आण्णांनी पुडी उघडून नाकाशी नेली. डोळे मिटले. मग त्यांचा आवाज पार खालच्या रस्त्यापर्यंत गेला असेल.

"तीळ करपल्यात! खोबरं कच्चं हाय! असलं इकणार तू? आन् लोकास्नी सांगणार, आण्णांच्या हाताखाली शिकलो म्हणून? बायकोला सांग, जाळ बारीक ठेव. न्हायतर ऱ्हाऊ दे, मीच येतो भाजताना."

"म्हंजे काढू दुकान?"

"न काढायला काय धाड भरलीया तुला? लाव त्या गाळामालकाला फोन."

कृष्णातनं फोन लावून त्यांच्या हातात दिला.

"पावणं, मी गोमटेश बोलतोय. व्हय, समोरचाच, मसालेवाला. कृष्णातचा करार उद्या करून टाका. भांडण-बिंडण काय न्हाय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. आण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग कृष्णातकडे. "साक्षीदार व्हय? मीच की. नोटीस बी मीच काढलीया आन् सही बी मीच करणार. पोरगं चांगलं हाय, पावणं. भाड्याला चुकायचं न्हाय. माझ्याकडनं जातंय म्हणून मी चिडलोतो, बाकी काय न्हाय."