नसलेली भिंत

क्लीव्हलंडला हिवाळाभर बर्फावर गालिचा पडायचा. खाली हॉकीवाल्यांचा बर्फ, वर हिरवा गालिचा, आणि त्यावर फुटबॉल. चहूबाजूंनी फळ्यांची भिंत. चेंडू तिला दिला की ती परत द्यायची, माहेरवाशिणीच्या हाती आईनं काहीतरी परत द्यावं तशी. गुडघा दुखावून सर्बियातल्या तिसा नदीकाठचं गवत सुटलेला रातोमिर या बंद अंगणात पुन्हा धावायला शिकला होता.

मार्चमध्ये त्याचे वडील, स्वेतोझार, गावाहून आले. एक सामना पाहिला. रंगीत धुरातून एकेक खेळाडू पळत येताना पाहून म्हातारा म्हणाला, "सर्कस झकास आहे. वाघ कधी आणणार?"

"बाबा, हाच माझा खेळ आहे आता."

"भिंतीला धरून म्हातारे चालतात रे. फुटबॉल नाही खेळत कुणी."

त्यानंतर तो विषय घरात निघालाच नाही. उद्या म्हातारा परत निघणार होता, आणि पोरगा अजून फुटबॉलच खेळतो, एवढं एक त्याच्या तोंडून ऐकायला रातोमिर आसुसला होता.

आज मे महिन्यातला संत जॉर्जचा सण. सर्बियन चर्चमागच्या कुरणात कोकरू निखाऱ्यावर फिरत होतं, आलुबुखाऱ्याच्या दारूचे पेले फिरत होते, आणि लग्न झालेल्यांचा सड्याफटिंगांशी सामना रंगला होता. सफरचंदाचं झाड बहरलं होतं. त्याखाली, मैदानाच्या कडेला, स्वेतोझार बूट काढून बसला होता. पाकळ्या त्याच्या टोपीवर उतरत होत्या.

रातोमिरपाशी चेंडू आला. समोर एक सडा आडवा. त्यानं न बघता चेंडू डावीकडे सोडला आणि पुढं झेपावला, चेंडू परत मिळेल तिथं. चेंडू मात्र गवतातून वाहत गेला, लांब, कोकराच्या धुराकडे.

"ए अमेरिकन!" सड्यांचा गोलरक्षक दोब्रिवोये ओरडला. "भिंत घरी विसरलास का?"

कुरण हसलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच. पाय ऐकेनातच. रातोमिरनं झाडाकडे बघायचं टाळलं.

तिसऱ्यांदा चेंडू सफरचंदाकडे गेला. तो पुढं धावला, मनात लाज, पायांत सवय. आणि चेंडू आला. नेमका, पावलापुढं, गवत कापत. त्यानं तो तसाच जाळ्यात धाडला.

झाडाखाली म्हातारा उभा होता. एका हातात पेला, एक अनवाणी पाय पुढं.

"हे चालणार नाही!" दोब्रिवोये कळवळला. "आजोबा, तुम्ही कुठल्या बाजूचे?"

"मी भिंत आहे बाळा. भिंतीला कसली बाजू?"

रातोमिर धापा टाकत झाडापाशी आला. वडील पायाचा अंगठा चोळत होते.

"मी उठलोय, हे पाहिलं होतंस?"

"नाही."

"मग तिथं पळालास कसा?"

"तो परत येणार असं धरूनच पळायचं असतं, बाबा."

म्हाताऱ्यानं अंगठा चोळायचं थांबवलं. टोपीवरची पाकळी घरंगळून पेल्यात पडली.

"त्या दिवशी तुझ्या सामन्यात मी नुसता धूर बघत बसलो," तो हळूच म्हणाला. मग विचारलं, "गालिचा फार गार असतो का रे?"

"हाडात शिरतो."

"तुझ्या आईला मोजे विणायला सांगतो. फुटबॉलवाल्याचे पाय जपायला हवेत."

त्यानं पेला झाडाच्या बेचक्यात ठेवला आणि कडेला येऊन उभा राहिला.

"जा. घाल अजून एक."