नमुन्यासाठी लिहिलेली ओळ

सकाळी अकराला कंपनीचा एपीआय, म्हणजे इतरांच्या प्रोग्रॅमना त्यांची सेवा वापरू देणारं दार, सगळ्यांसाठी खुला झाला आणि अकरा वाजून सव्वीस मिनिटांनी डोळ्यांच्या दवाखान्यातून पहिला फोन आला. मधली सव्वीस मिनिटं ताई इतकी खूश होती, की नंतर त्या मिनिटांची आठवण झाली तरी तिला स्वतःची लाज वाटायची.

ऑफिसात सगळेच तिला ताई म्हणत, कारण ऑफिस तिच्या धाकट्या भावाचं होतं आणि तो तसं म्हणायचा. एकोणीस वर्षं तिने शाळेत व्याकरण शिकवलं. शाळा बंद पडली तेव्हा धाकटा म्हणाला, "आमच्या लोकांना प्रोग्रॅम लिहिता येतात, वाक्यं लिहिता येत नाहीत. तू ये." ती आली, आणि दोन वर्षांत त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात अशी रुळली की चहाच्या कपांवरसुद्धा नावं घालून मोकळी झाली.

त्यांचं काम सांगायला सोपं होतं. एखाद्या वेबसाइटला आपल्या माणसांना काही कळवायचं असेल, तर ती वेबसाइट उघडी नसतानाही त्यांच्या मोबाइलवर त्याच क्षणी टिंग वाजून ओळ उमटली पाहिजे. इतके दिवस या सोयीचं एकच गिऱ्हाईक होतं, तो डोळ्यांचा दवाखाना. आजपासून मात्र कुठलाही प्रोग्रॅमर आपल्या प्रोग्रॅममध्ये चार ओळी घालून ही सोय वापरू शकणार होता. त्या चार ओळी कशा घालायच्या, हे समजावणारी बारा पानं ताईने लिहिली होती. पहिल्याच पानावर नमुना होता. तो जसाच्या तसा उतरवून घ्यायचा आणि चालवून बघायचा. सगळे लोक नमुन्यात 'हॅलो' पाठवतात, म्हणून तिने मुद्दाम जिवंत वाटेल अशी ओळ घातली होती: 'तुमचा नंबर आला आहे. कृपया आत या.' ही ओळ तिने दवाखान्याच्याच सूचनांमधून उचलली होती.

भिंतीवरच्या पडद्यावर आकडा चढत होता. शंभर सूचना, मग नऊशे, मग एकदम चाळीस हजार. शेजारच्या काचेच्या खोलीत धाकटा कॅमेऱ्यासमोर उभा राहून आठशे लोकांना एपीआय समजावून सांगत होता. ताईने काचेतून त्याला अंगठा दाखवला.

"एवढे कसे काय?" कासव म्हणाला. कासव म्हणजे त्यांचा मुख्य प्रोग्रॅमर. पाठीवरची सॅक तो खुर्चीत बसल्यावरही काढत नसे, आणि बोलायचा इतकं सावकाश की समोरच्याचा चहा निवून जायचा. "तीनशे लोकांनी नाव नोंदवलंय. तीनशे जणांच्या चाचणीत चाळीस हजार सूचना कशा जातील?"

तेवढ्यात फोन वाजला. दवाखान्याच्या स्वागतकक्षातल्या बाई होत्या. त्या नेहमी हळू बोलायच्या. आज त्यांच्या मागून माणसांचा गलका येत होता आणि त्या गलक्यात सारखं टिंग, टिंग.

"अहो, तुम्ही काय चालवलंय? सगळ्यांचेच नंबर आलेत इथे. ज्यांची ऑपरेशनं गेल्या महिन्यात झाली तेही आलेत. जिन्यावर पाय ठेवायला जागा नाही. ऑपरेशनच्या खोलीच्या दारावर माणसं धडका देतायत, की आमचा नंबर आला म्हणून."

ताईने फोन ठेवला आणि पहिलं पान उघडलं. नमुन्याच्या दुसऱ्या ओळीत किल्ली होती, म्हणजे कुणाच्या खात्यातून सूचना जाणार ते ठरवणारी अक्षरांची लांबलचक माळ. तिथे बनावट किल्ली हवी होती. होती ती दवाखान्याची.

तीन आठवड्यांपूर्वी तिने कासवाकडे चाचणीसाठी किल्ली मागितली होती. चाचणीचं खातं तयार नव्हतं. "तोवर दवाखान्याची घ्या, नंतर आठवणीने काढा," तो म्हणाला होता. तिने अकरा पानांवरून ती काढली. पहिलं पान तिने इतक्यांदा वाचलं होतं, की त्यावरून तिची नजर नुसती घसरत गेली.

म्हणजे तीनशे माणसं घरोघरी, ऑफिसाऑफिसांत बसून तिचा नमुना चालवून बघत होती, आणि नमुन्यात कुणा एकाचं नाव नसल्यामुळे दर वेळी दवाखान्याच्या सगळ्या दोन हजार पेशंटांच्या मोबाइलवर ती ओळ जात होती.

"पान बदललं मी," ती म्हणाली.

"पान बदलून काय होणार? ज्यांनी उतरवून घेतलं त्यांनी घेतलं. ते आता पुन्हापुन्हा चालवणार."

"मग ती ओळ अडवा. ती दिसली की पुढे सोडायचीच नाही."

"दवाखान्याची खरी ओळही तीच आहे, ताई. तुम्ही तिथूनच घेतलीत."

पडद्यावरचा आकडा साठ हजारांवर गेला.

"किल्लीच रद्द करायला हवी," कासव म्हणाला. "मग दवाखान्याचंही बंद पडेल. नवी किल्ली त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये कुणीतरी जाऊन घालेपर्यंत. त्यांचा कॉम्प्युटरवाला फक्त सोमवारी येतो. आणि मी इथून उठलो तर सर्व्हर झोपेल."

ताई काचेच्या खोलीकडे धावली. कागदावर मोठ्या अक्षरांत 'थांबव' लिहून तिने तो काचेला लावला. धाकट्याने पाहिलं. कॅमेऱ्याकडे हसू तसंच ठेवून त्याने खाली दोन बोटं दाखवली, दोन मिनिटं. ताईने मान हलवली, काचेवर थाप मारली. त्याने पाठ फिरवली.

या एका दिवसासाठी त्याने दोन वर्षं हाडाची काडं केली होती, हे तिला ठाऊक होतं. ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग कासवाकडे परत आली.

"करा रद्द."

"मालकांना विचारल्याशिवाय..."

"मी त्याची थोरली बहीण आहे. करा."

नवी किल्ली मेलने पाठवायची नाही हा त्यांचाच नियम होता. चाळीस अक्षरं तिने कागदावर लिहून घेतली आणि निघाली. दवाखाना दोन बस थांब्यांवर होता. बसची वाट बघण्याचा धीर तिला नव्हता. पन्नाशीची बाई भर उन्हात पदपथावरून पळते आहे हे बघून लोक वळून पाहत होते. तिला धाप लागली, चपलेचा अंगठा तुटला, ती चप्पल हातात घेऊन तशीच पुढे गेली.

दवाखान्याच्या दारात गर्दी होती. एका डोळ्यावर पट्टी बांधलेली माणसं, डोळ्यांत औषध घातल्यामुळे धड काही न दिसणारी माणसं, त्यांना धरून आलेल्या सुना, मुलगे, शेजारी. सगळे आपापला मोबाइल वर धरून दाखवत होते. खऱ्या पेशंटांचा आणि इतरांचा एकच घोळ झाला होता. एक बाई रडत म्हणत होती, "माझे यजमान आत टेबलावर आहेत. मला आत या म्हणून तीस वेळा बोलावलं, आणि आता आत सोडत नाहीत. त्यांना काय झालंय ते तरी सांगा."

ताईने बाकावर पाय ठेवला आणि चढली. वर्गात साठ मुलांना ऐकू जाणारा आवाज तिने लावला.

"सगळ्यांनी इकडे बघा. मोबाइलवर आलेली ती ओळ खोटी आहे. दवाखान्याने पाठवलेली नाही. चूक आमच्या कंपनीची आहे. आत कुणालाही काहीही झालेलं नाही. ज्यांना आजची वेळ दिलेली आहे तेवढ्यांनी थांबा. बाकीच्यांनी सावकाश घरी जा."

गलका थांबला, मग दुप्पट झाला. "सावकाश घरी जा म्हणे," एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. "दोन बस बदलून आलोय मी." कुणीतरी तिचा पदर ओढून खाली उतर म्हणालं. ती उतरली आणि वाट काढत स्वागतकक्षात शिरली. बाईंनी तिला एका शब्दानेही न हटकता खुर्ची दिली.

तिने किल्ली घातली. कॉम्प्युटरने नाकारली. पुन्हा घातली, पुन्हा नाकारली. इतरांची अक्षरं वर्षानुवर्षं लाल शाईने सुधारणाऱ्या ताईला आता स्वतःच्या अक्षरातलं शून्य कुठलं आणि इंग्रजी ओ कुठला ते ओळखू येईना. घामाने कागद ओला झाला होता. तिने कासवाला फोन लावला. तो आपल्या सवयीने एकेक अक्षर सावकाश सांगत गेला, आणि जन्मात पहिल्यांदा त्या सावकाशपणाचा तिला राग आला नाही. पाऊण वाजता दवाखान्याच्या सूचना पुन्हा सुरू झाल्या. मधल्या तासाभरात बाईंनी प्रत्येक पेशंटला हाक मारून आत सोडलं होतं, त्यांचा घसा बसला होता.

"जिन्याखाली एकदा जाऊन या," बाई म्हणाल्या. "तिथे एक आजोबा पडलेत."

जिन्याखालच्या खुर्चीत एक सत्तरीचे गृहस्थ बसले होते. उजवा हात त्यांनी डाव्या हाताने छातीशी धरला होता, आणि मनगट नको तिथे फुगलं होतं. चारच दिवसांपूर्वी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. ते शिंपी होते. घरी एकटे असताना मोबाइल सारखा वाजायला लागला, मुलगी कामावर, म्हणून ते एकटेच निघून आले. वरच्या पायरीवर गर्दीचा धक्का लागला.

"तुम्ही मघा बाकावर बोलत होता ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"म्हणजे माझा नंबर आलाच नव्हता?"

"नव्हता."

"डोळ्यात काही बिघडलंय म्हणून बोलावतायत असं वाटलं मला," ते म्हणाले. "येताना सगळ्या रस्त्यात तेच मनात होतं."

ताईला खाली जमिनीवर बसावंसं वाटलं, आणि ती बसली. उठून पाणी आणावं, डॉक्टरांना बोलवावं, एवढंही तिला सुचेना. थोड्या वेळाने आजोबांनीच तिला म्हटलं, "बाई, माझ्या मुलीला फोन लावाल का? मला एका हाताने जमत नाही."

मुलगी धावत आली. ताईने तिला सगळं सांगितलं: ती ओळ कुणी लिहिली, किल्ली कुणी विसरली. मुलीने शेवटपर्यंत ऐकलं.

"तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत," ती म्हणाली. "पण आत्ता मला तुमच्याशी बोलायचं नाही. तुम्ही जा."

ताई ऑफिसात परत आली तेव्हा तीन वाजून गेले होते. धाकटा टेबलाशी बसला होता. समोर दवाखान्याचं पत्र उघडं होतं: आजपासून तुमची सेवा बंद.

"तू मला विचारलं नाहीस," तो म्हणाला.

"मी काच वाजवली."

"मला वाटलं तुला आकडे दाखवायचेत." त्याने कपाळ तळहातांत धरलं. "आठशे लोकांसमोर मी सांगत होतो, की आमच्यावर एका दवाखान्याने विश्वास टाकलाय. त्याच वेळी."

लहानपणी तो असा बसला की ती त्याच्या पाठीवर हात ठेवायची. आज तिचा हात उचलेना.

"लोक विचारतायत काय झालं म्हणून," तो म्हणाला. "मी वेबसाइटवर लिहितो, तांत्रिक अडचण आली होती, दूर केली आहे."

"एका माणसाचं मनगट मोडलंय."

"ते लिहिलं तर आपण संपलो, ताई. एवढ्या दिवसांचं सगळं संपलं."

"कदाचित संपेल."

तिने खुर्ची ओढली आणि लिहायला बसली. काय घडलं, कुठल्या पानावर, कुणाच्या हातून, शिंप्याबद्दलही लिहिलं. खाली स्वतःचं नाव घातलं. धाकट्याने ते दोनदा वाचलं. एक शब्दही न बदलता तो उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला, आणि पाठमोराच म्हणाला, "टाक."

संध्याकाळपर्यंत तीनशेतले दीडशे निघून गेले. कासवाने पडदा बंद केला. किल्ली आपण दिली होती हे त्याने दोनदा बोलून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई, नको म्हटलेलं असूनही, आजोबांना नेलं होतं त्या हाडांच्या दवाखान्यात गेली. मुलगी तिला बघून बाकावर थोडी सरकली. आतून डॉक्टर आजोबांना घेऊन बाहेर आले. डोळ्याला काही झालेलं नव्हतं. हात मात्र सहा आठवडे असाच ठेवायचा, आणि पुढे बोटं पूर्वीसारखी वळतील की नाही ते आत्ता सांगता येत नाही.

"सहा आठवडे," आजोबा म्हणाले. प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं त्यांनी चांगल्या डोळ्यासमोर धरली आणि एकेक हलवून बघायला लागले. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना टेकेनात. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मुलगी आणि ताई, दोघीही बघत राहिल्या.