दोन अठरा

पदर हाताभोवती गुंडाळून दयाने ट्रेमधलं बदकाचं अंडं उचललं आणि कानाशी धरलं. आत टकटक होती, पण अगदी क्षीण. कवचाला एवढीशी चीर पाडून पिल्लू सकाळपासून तिथंच अडकलं होतं.

"ही पण खेप गेली," ती म्हणाली. "आराधना, बंद कर ते मशीन. विकून टाकू."

नणंद कॉम्प्युटरसमोरून हलली नाही. श्रीरामपूरची ही हॅचरी आराधनाच्या थोरल्या भावाची, दयाच्या नवऱ्याची, याकोबची. अंडी उबवणारं मशीन चालवायला मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकून प्रोग्राम त्यानंच लिहिलेला. नाताळच्या तोंडावर मोटारसायकलच्या अपघातात तो गेला. मागे राहिली दया, आराधना, तिची म्हातारी आई बनुबाई आणि हे मशीन. पोटापाण्याला दुसरं काहीच नव्हतं.

याकोबचा प्रोग्राम म्हणजे निव्वळ गबाळा कारभार. जिथं लागेल तिथं अठराचा आकडा ठोकलेला. सावेडीत कॉम्प्युटरचा कोर्स केलेल्या आराधनाला ते बघवेना. तिनं सगळे अठरा वेचले, वरच्या एका ओळीत एकाच नावाखाली बसवले आणि ऐटीत सांगितलं, "वहिनी, आता एका जागी बदललं की सगळीकडे बदलतं." मग कोंबडीऐवजी बदकाची अंडी घेतली. कोंबडीची अठराव्या दिवसापर्यंत फिरवायची, बदकाची पंचविसाव्या. तिनं वरच्या ओळीतला आकडा बदलला आणि निवांत झाली.

तेव्हापासून दोन खेपा मेल्या. ही तिसरी.

"तुझी आई म्हणती ते काय खोटं न्हाई," दया म्हणाली. "माझ्या हाताला यशच न्हाई. आधी नवरा गेला, आता पिल्लं. म्हणून तर उघडा हात लावत न्हाई मी. मशीनमधी ओलीसाठी ठेवलेला पाण्याचा ट्रेसुदिक मी भरला की दुपारपर्यंत खडखडीत."

आराधनानं मान वर केली.

"ट्रे कोरडा पडतो?"

"रोज."

"दादा होता तेव्हा पडायचा?"

"कधीच न्हाई."

आराधना प्रोग्राममध्ये खाली खाली गेली. हवेची झडप तासाला किती मिनिटं उघडायची, तिथंही याकोबचा अठराच होता. दिवसांचा अठरा वेगळा, मिनिटांचा वेगळा. नात्याचे ना गोत्याचे. तिनं दोघांना एका नावात कोंबलं होतं. दिवस पंचवीस झाले तशी मिनिटंही पंचवीस झाली, मशीनमधली ओल उडाली, आणि कवचाआतला पापुद्रा वाळून पिल्लांना चिकटला.

गप्प बसली असती तर कुणाला कळलं असतं? या घरात कॉम्प्युटर तिच्याशिवाय कुणाला येत होता?

"वहिनी, हे माझ्यामुळं झालंय," ती म्हणाली. दोन आकड्यांना दोन नावं देत, अडखळत तिनं सगळं सांगितलं. प्रोग्राम पुन्हा सुरू होताच मशीनची झडप खाडकन मिटली. वहिनी आता काय वाट्टेल ते बोलली तरी ऐकून घ्यायचं, असं तिनं ठरवलं.

"म्हंजी तू केलंस," दया म्हणाली.

"हो."

"दोन्ही खेपा?"

"हो."

दयानं हाताभोवतीचा पदर सोडून खांद्यावर टाकला, वाटीतल्या कोमट पाण्यात बोटं बुडवली आणि उघड्या हातानं अंड्याच्या चिरेवरून हळूहळू फिरवली.

"तुझ्या आईला हाक मार," ती म्हणाली. "आत्ता सांगितलंस ते तिच्यासमोर सांग."