ग्रॅन्युलोमा म्हणजे

हेडफोनमध्ये डॉक्टर खाकरले आणि टायपिस्टबाईंची बोटं कीबोर्डवरच थांबली.

डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट त्या सव्वीस वर्षं प्रयोगशाळेत टाइप करत होत्या. वाईट शब्दाआधी डॉक्टर हमखास खाकरतात, हे खुद्द डॉक्टरांना ठाऊक नव्हतं, बाईंना होतं. आणि हा रिपोर्ट थोरल्या नणंदेच्या मानेतल्या गाठीचा! ती सकाळपासून बाहेर बाकावर बसून होती, उपाशीच.

"ग्रॅन्युलोमा," आवाज म्हणाला. "घातक पेशी नाहीत."

मग खाकरलात कशाला हो! बाईंनी रेकॉर्डिंग मागे नेऊन तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा तर खुर्चीतच नाचावंसं वाटलं.

रिपोर्ट छापून त्या धावतच डॉक्टरांकडे गेल्या, कारण रुग्णाला सांगायचं ते डॉक्टरांनीच, असा तिथला नियम. डॉक्टर रुमालात शिंकत होते.

"साहेब, सही करा आणि आधी बाहेर चला. माझी नणंद आहे!"

"घसा पार बसलाय, बाई. आज तुम्हीच सांगा," सही करत ते म्हणाले. "नाहीतरी तुमच्या वहीत माझ्यापेक्षा सोपं असतं."

नवा शब्द आला की बाई डॉक्टरांना अर्थ विचारायच्या आणि आपल्या भाषेत वहीत उतरवायच्या. ती वही काखोटीला मारून त्या बाहेर आल्या.

"वन्सं, कॅन्सर नाही! नाही म्हणजे नाही!"

"खरं सांग वहिनी. उगीच माझी समजूत काढू नकोस."

"मग तुम्हीच वाचा." बाईंनी रिपोर्टवरचा शब्द दाखवला आणि वहीत तोच शब्द काढून दिला.

नणंद बोट फिरवत वाचू लागली, "ग्रॅन्युलोमा म्हणजे शरीरानं शत्रूभोवती घातलेलं कुंपण. कॅन्सर नव्हे. कारण शोधून औषध द्यायचं." तिनं पुन्हा वाचलं. मग एकदम रडायलाच लागली, आणि रडता रडता हसायला. "अगं, भूक लागली मला! सपाटून!"

बाई आनंदानं पळत जाऊन आपला डबा घेऊन आल्या. तोवर नणंद पानं उलटत एका पानावर थांबली होती. तिथं नुसताच शब्द होता, पुढची जागा कोरी. अकरा वर्षांपूर्वी बाईंचा नवरा, नणंदेचा भाऊ, गेला, तेव्हा त्याचा रिपोर्टही बाईंनीच टाइप केला होता. त्या शब्दाचा अर्थ तेवढा त्यांनी डॉक्टरांना विचारला नव्हता.

नणंदेनं वही मिटून मांडीवर ठेवली आणि बाकावर सरकून जागा केली.

"ये, बस," ती म्हणाली. "पहिला घास तू घे."