मी अंधार, ती परात

मित्रांनो, मी एक जुना, काळा, कापडी पडदा आहे. माझ्याबद्दल ऐकण्यासारखं काही आहे की नाही, याची मला स्वतःलाच खात्री नाही. तरी सांगतो, कारण परातीबद्दल सगळेच सांगतात.

माझा जन्म एका कापडातून झाला नाही. आमच्या गल्लीतल्या शिंपीणकाकूंनी घरोघर फिरून काळं कापड गोळा केलं. मोडक्या छत्र्या, एका वकिलाचा विटलेला कोट, कुणाच्या तरी आत्याच्या परकराचं अस्तर. ते सारं जोडून मी झालो. वकिलाच्या कोटाचा माझा कोपरा अजूनही जरा ताठच असतो.

मला शिवलं ते 'उगमा'साठी. वर्षातून एका संध्याकाळी गल्लीतली माणसं घरचे दिवे मालवून लाकडाच्या वखारीत जमतात आणि हे विश्व कसं झालं, ही गोष्ट आपली आपणच करून बघतात. सांगायला असतात पोस्टमनकाका. "आधी काहीच नव्हतं," ते म्हणतात. "नाव नव्हतं, गाव नव्हतं, पत्ता नव्हता. टपाल टाकायचं तरी कुठे?" लोक हसतात. मग सगळे मिळून ओठ मिटून गुणगुणू लागतात. तो पहिला नाद. तो अंगावर आला की माझा धागा न् धागा थरथरतो. त्या वेळी तिथे दुसरं काहीच दिसत नाही. अंधार म्हणजे मीच असतो.

पण अंधाराला टाळ्या कोण देतं?

टाळ्या मिळायच्या परातीला. खानावळवाल्या आजींची ती पितळी परात. एरवी कणकेत लोळणारी, पण उगमाच्या दिवशी राखेनं घासूनपुसून सूर्य व्हायची. आजी स्टुलावर चढून तिला माझ्या डोक्यावरून हळूहळू वर काढायच्या, आणि वखार दणाणून जायची. "काय सूर्य उगवला हो आजी!" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ती मिरवत मिरवत घरी जायची, आणि मी घडी होऊन ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीला.

पुढे मला कसर लागली. अंगभर बारीक भोकं पडली. लाज वाटून मी जुन्या घड्यांमध्ये ती लपवू पाहिली, पण टांगलेल्या पडद्याला कसली घडी! त्या उगमाला, सूर्यासाठी माझ्यामागे लावून ठेवलेला दिवा त्या भोकांतून दिसू लागला आणि पुढच्या रांगेतली एक चिमुरडी किंचाळली, "आई, चांदण्या!" सगळी वखार "अहाहा" म्हणाली. अहाहा म्हणजे टाळी नव्हे, हे मला कळतं. तरी ते एक अहाहा मी वर्षभर पुरवून पुरवून आठवायचो.

मग शिंपीणकाकूंच्या घरात सून आली. कामाला चटपटीत, बोलायला बुजरी. उगम जवळ आला तसं काकू तिला म्हणाल्या, "तो पडदा जरा बघून ठेव गं." काकूंना म्हणायचं होतं, झटकून ठेव. पण शिंप्याच्या दुकानात कुणी फाटका सदरा आणला की काकू काय म्हणतात? "ठेवा, बघते." तिथे बघणं म्हणजे शिवणंच! सूनबाईंनी मला मांडीवर घेतलं आणि एकूण एक भोक रफू केलं. इतकं सुबक, की मलाच माझं अंग ओळखू येईना. मी मनात म्हटलं, आता बघू या परातबाईंचा तोरा!

उगमाची संध्याकाळ आली. नाद झाला. पोस्टमनकाका म्हणाले, "आणि मग एकेक करून तारे उजळले."

काहीच उजळलं नाही.

काका खाकरले. "उजळले हो तारे!"

"काका, पत्ता चुकला वाटतं!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. माझ्या मागे काकू कुजबुजल्या, "अगं, भोकं कुठे गेली?"

"आई, तुम्हीच म्हणालात ना, बघून ठेव..." सूनबाईंचा आवाज रडवेला झाला. "साऱ्या गल्लीचा उगम मी बुजवला. आता मला कोण उभं करणार इथे?"

"रडतेस काय? कात्री कुठेय तुझी?" हा आवाज खानावळवाल्या आजींचा. "पाड परत. सूर्याला काही घाई नाही, थांबेल तो."

"पण मला दिसत नाहीये, आजी."

"ही घे, परात दिव्यामागे धरते. आजवर सगळा उजेड हिच्यावरूनच तर पडायचा तुमच्या चांदण्यांवर."

मित्रांनो, मला पुढचंच दिसतं. पाठीमागे काय चाललंय ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

कात्रीचं टोक टोचलं. एक चांदणी. दुसरी. तिसरी. खरंच एकेक करून तारे जन्मत होते. दरवेळी मला दुखत होतं आणि दरवेळी वखार श्वास रोखत होती. शेवटचा तारा लागला आणि टाळ्या पडल्या. सूर्याच्या आधी! पोस्टमनकाका म्हणाले, "पत्ता सापडला." काकूंनी सुनेला पुढे ढकललं आणि सगळ्यांना सांगितलं, "ही आमची ताऱ्यांची बाई."

आता दरवर्षी सूनबाई मला रफू करतात आणि दरवर्षी उगमाला तारे नव्यानं पाडतात. आजींनी खानावळीत स्टीलची परात घेतली आणि जुनी कायमची उगमाला दिली. पोचे येऊ नयेत म्हणून तिला माझ्यात गुंडाळून ठेवतात. एकाच ट्रंकेत. ती गार लागते, जागाही जास्त घेते. तिचा हेवा गेला असं म्हणालो तर ते खोटं होईल.

म्हणून एकच मागणं आहे, मित्रांनो. जुन्या वस्तू ट्रंकेत टाकून विसरू नका. अधूनमधून झाकण उघडा, बाहेर काढा, ऊन दाखवा. तिला नाही, मला. ती सूर्य आहे, तिला कशाला हवंय ऊन!